पंडित मास्तरांची उधारी

बोईसर-पालघरकडे क्रिकेटचा विषय निघाला की गाडी शार्दूल ठाकूरवर येऊन थांबते. बरोबरच आहे, पालघरजवळच्या माहीमचा पोरगा! 2015-16 च्या रणजी फायनलमध्ये पुण्यात त्याने दुसऱ्या डावात 26 धावांत 5 विकेट्स काढल्या, सौराष्ट्र 115 वर गारद आणि मुंबईचा 41 वा करंडक. पण त्या टीमचा कोच कोण होता, आठवतंय?

चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांचा चेला, विकेटकीपर. किरण मोरेच्या जमान्यात जन्मला, त्यामुळे 5 टेस्ट आणि 36 वनडेवर गाडी अडली. पुढे तो मध्य प्रदेशकडून खेळायला लागला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. 1999 साली बंगळूरला कर्नाटकविरुद्ध रणजी फायनल, पंडित कॅप्टन. पहिल्या डावात मध्य प्रदेशला चक्क 75 ची आघाडी. म्हणजे मॅच नुसती ड्रॉ केली तरी करंडक आपला! पण शेवटच्या दिवशी सगळी टीम 150 मध्ये आटोपली आणि 96 धावांनी हरली. हातातोंडाशी आलेला घास गेला, राव.

मग माणूस कोच झाला. मुंबईला 2002-03 आणि 2003-04 ला जिंकवलं. 2016-17 ची फायनल मुंबई इंदूरला हरली आणि कोच बदलला गेला. पंडित विदर्भाकडे गेला. पुढच्याच मोसमात, त्याच इंदूरच्या मैदानावर, आधी कधी फायनलही न खेळलेलं विदर्भ चॅम्पियन! वर्षभराने पुन्हा एकदा.

आणि मग जून 2022. तेच बंगळूर, तेच चिन्नास्वामी, तोच मध्य प्रदेश. समोर मात्र आपली मुंबई. मुंबईच्या 374 ला उत्तर 536! ह्या वेळी आघाडी 162 ची होती आणि ती कोणी हातची जाऊ दिली नाही. मध्य प्रदेश 6 विकेट्सनी जिंकला, इतिहासात पहिल्यांदाच. पंडितच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता आम्ही पडलो मुंबईवाले, वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण 23 वर्षं उघडा राहिलेला बग त्याच माणसाने, त्याच मशीनवर बसून क्लोज केला, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत तर काय करायचं?

कॅप्टन म्हणून राहिलेली उधारी त्याने कोच म्हणून फेडली. शार्दूलच्या त्या 5 विकेट्स आठवाल तेव्हा पॅव्हेलियनमधल्या ह्या मास्तरांनाही आठवा, म्हणजे झालं.