गिरणीजवळची खोली

देऊळघाटहून बुलढाण्यात घर घ्यायचं ठरलं, की घरची माणसं विचारतात, खोल्या किती? आपल्या शिलाईचं, पापडाचं गिऱ्हाईक त्या वस्तीत आहे का, हे कोणी विचारत नाही.

मुंबईच्या गिरणगावात कामगार वस्ती निवडायचे ती भोंग्याच्या हिशेबानं. पायी वेळेत फाटकावर पोचायला हवं. म्हणून परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत कितीतरी जण राहायचे. नळ सामाईक, संडास सामाईक. हाल होतेच.

पण त्याच दाटीत बायांना काम मिळालं. गावाहून एकटे आलेले कामगार खानावळवालीकडे जेवायचे. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजानं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आपले बचत गट तर पुष्कळ नंतरचे!

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी कुटुंबं लांबच्या उपनगरांत गेली. तिथं जागा स्वस्त होती. पण जेवणारी माणसं काही खानावळवालीबरोबर सामानात बांधून नेता येत नव्हती.