कोकणच्या नावाची ध्वनिफीत

गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकलेल्या ख्रिस्ती वादकांनी मुंबईतील हॉटेलांचे बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद समृद्ध केले, हे आपण जाणतोच. परंतु त्याच समाजातील एका कलावंताने परदेशी केलेला प्रयोग आपल्या धर्मग्रामांतून फारसा परिचित नाही. ते कलावंत म्हणजे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा.

१९३६ साली मुंबईत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले डिसिल्वा १९६७ च्या सुमारास लंडनला गेले. तेथे भूमी नांगरलेली होती. जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६० मध्येच ठरावीक सुरावट व ताल यांची बंधने सैल करणारे मुक्त जाझ ध्वनिमुद्रित केले होते. पुढे मूळचे कलकत्त्याचे संगीतकार जॉन मेयर यांच्यासह त्यांनी दहा वादकांचा संच उभारला. पाच जाझचे, पाच भारतीय संगीताचे. त्या संचाच्या १९६६ च्या तबकडीवर तबला वाजविला आहे केशव साठे यांनी.

१९६९ मध्ये हॅरियट व डिसिल्वा यांची ‘हम दोनो’ ही तबकडी निघाली. तीत नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचूनचा स्वर आहे आणि गोव्याच्या नावाने बांधलेली एक रचनाही आहे. हे सहकार्य अल्पायुषी ठरले. १९७३ च्या जानेवारीत हॅरियट निवर्तले.

दरम्यान १९७२ मध्ये डिसिल्वांनी ‘कॉस्मिक आय’ या संचासह गिटार, सतार, तबला व सॅक्सोफोन यांचा मेळ घातला. त्याच सुमारास त्यांनी ‘कोकण डान्स’ ध्वनिमुद्रित केले. ते मात्र प्रकाशित झालेच नाही. १९९६ मध्ये डिसिल्वा प्रभूघरी गेले. ‘कोकण डान्स’ रसिकांच्या हाती आले ते २००६ मध्ये.

तीन दशकांहून अधिक काळ बाजाराने ज्याची दखल घेतली नाही, ते संगीत वाचले. कारण ती फीत कोणी पुसली नाही, टाकून दिली नाही. प्रकाशन हे बाजाराच्या हाती असते, जतन मात्र आपल्या हाती असते, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरांतही सणाच्या मिस्साची, लग्नगीतांची, आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे कॅसेटांत पडून आहेत. त्यांवर गाणाऱ्यांची नावे, गाव आणि वर्ष एवढे तरी आज लिहून ठेवू या. ते आवाज ओळखणारी माणसे अजून आपल्यांत आहेत.