सेट-टॉप बॉक्समधला एचडी कार्यक्रम कॉम्प्युटरवर रेकॉर्ड का होत नाही?

समजा, तासगावच्या रथोत्सवाची बातमी एखाद्या एचडी वाहिनीवर लागली आणि गर्दीत घरातलं कुणीतरी दिसलं. ती दोन मिनिटं कायमची जपून ठेवावीशी वाटतात. सेट-टॉप बॉक्स कॅप्चर कार्डमार्फत कॉम्प्युटरला जोडला, तर मात्र बऱ्याचदा काळा पडदा दिसतो. असं का होतं?

आधी कसं जमायचं?
केबल ॲनालॉग होती तेव्हा तिची वायर थेट कॉम्प्युटरच्या टीव्ही ट्यूनर कार्डला लावली की चित्र दिसायचं आणि रेकॉर्डही व्हायचं. २०१२ ते २०१७ या काळात देशातली केबल चार टप्प्यांत डिजिटल झाली. आता पे चॅनेलचा सिग्नल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन घरी येतो. ते कुलूप ग्राहकाच्या नावावरचा बॉक्सच उघडतो.

मग काळा पडदा कशामुळे?
बॉक्समधून एचडीएमआय केबलने बाहेर पडणाऱ्या चित्रालाही एचडीसीपी नावाचं दुसरं कुलूप असतं. टीव्ही ते ओळखतो, पण कॅप्चर कार्डला रेकॉर्डिंगसाठी चित्र मिळत नाही. कार्ड खराब आहे, असा त्याचा अर्थ नाही.

कायदा काय म्हणतो?
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारण रेकॉर्ड करणं हे उल्लंघन नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे घरी रेकॉर्डिंग करायला कायद्याची ना नाही, पण ते शक्य करून द्यायची सक्तीही कंपनीवर नाही. तीच फाइल टेलिग्राम ग्रुपवर टाकली, तर तो खासगी वापर उरत नाही.

कोणते मार्ग आहेत?

• रेकॉर्डिंगवाला बॉक्स: काही बॉक्समध्ये हार्ड डिस्क असते, काहींना पेन ड्राइव्ह जोडता येतो. हे रेकॉर्डिंगही कुलूपबंद असतं आणि सहसा त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बिघडला किंवा बदलला, तर ते हातचं जाऊ शकतं. अनेक बॉक्स आधी ड्राइव्ह फॉरमॅट करतात, म्हणून त्यातले जुने फोटो आधीच दुसरीकडे घ्या.

• डीडी फ्री डिश: इथल्या बहुतेक वाहिन्या एन्क्रिप्ट केलेल्या नसतात. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तासगावातून डिश आग्नेयेकडे वळवावी लागते. कॉम्प्युटरला डीव्हीबी-एस२ कार्ड लावलं की सह्याद्री वाहिनी पाहता आणि रेकॉर्डही करता येते. पे चॅनेल मात्र यावर मिळत नाहीत.

• ॲप किंवा वेबसाइट: पे चॅनेल कॉम्प्युटरवर नुसतं पाहायचं असेल, तर हा सोपा मार्ग. इथेही कुलूप असतंच. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग अनेकदा काळं येतं आणि ब्राउझरमध्ये काही वेळा पूर्ण एचडी दर्जा मिळत नाही.

जागा किती लागते?
सेकंदाला ८ मेगाबिट वेगाचं एचडी प्रसारण तासाला साधारण ३.६ जीबी जागा घेतं.

बातमीची क्लिप हवी असेल, तर आधी वाहिनीचं यूट्यूब चॅनेल पाहा. अनेक बातम्या तिथे असतात आणि त्यांची लिंक स्टेटसला ठेवायला कसलीच अडचण नाही.