घोडी आणि जवारी : तंतुवाद्यांच्या हस्तनिर्मित अवयवांचे मोल

भोर व वेल्हे या परिसरात हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे इत्यादी जुने मुलूख येतात. त्यांच्या इतिहासाची साधने म्हणून महजर, वतनपत्रे, जेधे शकावली आणि जेधे करीना यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्या मानाने, या मुलखाची स्मृती ज्या पोवाड्यांनी जतन केली त्यांच्या साथीच्या वाद्यांकडे लक्ष कमी गेले. अफजलखानाच्या वधावर (१६५९) अज्ञानदासाने रचलेला पोवाडा उपलब्ध शिवकालीन पोवाड्यांत आद्य मानला जातो. त्या मोहिमेत कारीचे कान्होजी जेधे आणि हिरडस मावळातील बांदल शिवाजी महाराजांच्या बाजूस होते. या वाङ्मयप्रकाराची परंपरागत साथ म्हणजे डफ आणि तुणतुणे.

तुणतुण्याची रचना विचार करण्याजोगी आहे. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या तळाशी ताणलेले कातडे, बाजूस ठोकलेली काठी, काठीच्या माथ्याशी एक खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून खुंटीला गुंडाळलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. येथे तारेचा कंप थेट कातड्यास मिळतो. मध्ये घोडी नाही. म्हणून वाद्याच्या अवयवांवर जादा द्रव्य खर्चावे काय, हा प्रश्न तुणतुण्यापुरता उद्भवतच नाही. कातडे सैल पडले किंवा तार तुटली, तर ती बदलावी आणि गाणे पुढे चालू ठेवावे. हे वाद्य स्वस्त आहे. परंतु ते आपल्या कामास अपुरे आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

तंबोऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अगदी निराळे रूप धारण करतो. त्याच्या उत्तरासाठी पंतसचिवांच्या भोर संस्थानातून पटवर्धनांच्या मिरजेकडे वळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा आहे. आडनावातच पूर्वीचा व्यवसाय सांगितलेला आहे. ‘शिकल’ म्हणजे शस्त्राला दिलेली धार व झिलई. ती करणारा तो शिकलगार. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर हीच माणसे पंढरपूरच्या बाजूचे भोपळे घेऊन तंबोरे व सतारी करू लागली. पात्यावर फिरणाऱ्या हाताला घोडीचा पृष्ठभाग परका वाटला नसावा.

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीसारखी नसते. गिटारची तार अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची तार रुंद आणि किंचित उतरत्या पृष्ठभागावरून जाते, व कंप पावताना त्या पृष्ठभागाला क्षणोक्षणी स्पर्श करून सुटत राहते. त्यामुळे स्वरातील उच्च उपस्वर ठळक होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घटनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा आणि वीणा यांत मात्र तेही ऐकू येतात, असे रामन यांनी दाखविले. याचे कारण घोडीच्या वळणात आहे.

आता शब्दांकडे पाहावे. ‘घोडी’ हे केवळ वस्तूचे नाव आहे. ‘जवारी’ हा शब्द मात्र घोडीचा घासून सिद्ध केलेला पृष्ठभाग, तो सिद्ध करण्याची क्रिया आणि त्यातून उमटणारा झणत्कार या तिन्ही अर्थांनी योजला जातो. जवारी ‘काढतात’, जवारी ‘खुली’ किंवा ‘बंद’ असते. बाजारात घोडी विकत मिळते. जवारी मात्र कोणाकडून तरी काढून घ्यावी लागते. कारागीर कानशीने घासतो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून स्वर स्थिर करतात. सर्वांत स्वस्त वस्तूवाचून सर्वांत कुशल काम पुरे होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे वापराने तारेची खाच पडते आणि जवारी पुन्हा काढावी लागते.

मग मोल कशाचे? याची परीक्षा इतिहासानेच घेतली आहे. पूर्वी उंची वाद्यांच्या घोड्या हस्तिदंताच्या असत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. हाड, शिसवीसारखी कठीण लाकडे व कृत्रिम द्रव्ये त्याच्या जागी आली. तथापि जवारी नाहीशी झाली नाही. द्रव्याचे महत्त्व अगदीच नाही असे नव्हे. कठीण घोडीवर खाच उशिरा पडते. पण द्रव्य मुख्यतः टिकाऊपणा ठरविते, स्वर ठरवितो तो हात. यास्तव नक्षी आणि दुर्मिळ द्रव्य यांसाठी दिलेली जादा किंमत ही शोभेची किंमत होय. जवारीसाठी दिलेली किंमत ही संगीताची होय. हाच निकष गिटारला लावला, तर तारेचा स्पर्श जेथे बदलत नाही अशा हस्तनिर्मित उपांगांचे मोल बरेचसे डोळ्यांसाठी आहे, असे ठरते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे वाद्याच्या नावाचे रक्षण होईल. परंतु जवारी काढणाऱ्याच्या श्रमाचा स्वतंत्र मोबदला ठरला नाही, तर पुढच्या पिढीने हे काम का शिकावे? मावळातल्या तुणतुण्याला घोडी लागली नाही, म्हणून त्याचा गायक कोणावर अवलंबून नव्हता. तंबोऱ्याचा गायक मात्र त्या हातावर पूर्णपणे अवलंबून आहे, आणि त्या हाताचे ऋण मान्य करणे हा किमतीच्या प्रश्नाचाच भाग आहे.