गणितवाल्यांची मंडळी आणि कसारा लोकल

मागच्या आठवड्यात एका मित्राची मेल आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, सध्या साहेब अमेरिकेत गणितात शिकताहेत. मेलसोबत फोटो होता. सूट, टाय, हातात सर्टिफिकेट आणि खाली एकच ओळ, 'पाय म्यू एप्सिलॉनमध्ये घेतलं रे मला!'

मला आधी वाटलं, कुठलं तरी हॉस्टेल असेल. मग कळलं की ही गणिताची ऑनर सोसायटी. गणितात उत्तम मार्क पडलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचं विद्यापीठ निवडून त्यात घेतं. विद्यापीठा-विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत आणि त्या शाखांना नावं ग्रीक अक्षरांची. सुरुवात मात्र अगदी साधी. सिराक्यूज विद्यापीठात १९०३ पासून एक गणित मंडळ चालायचं. एडवर्ड रो नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी जमायचे, कोणीतरी काहीतरी वाचून दाखवायचं. १९१४ मध्ये त्या मंडळाची ही सोसायटी झाली.

मित्राचं मनापासून अभिनंदन केलं. पण खरं सांगू का, पोटात जरा दुखलंच. इंजिनिअरिंगला एम-थ्रीला माझी केटी लागली होती. तेव्हापासून गणित आणि मी असे वेगळे राहतो. दिवसभर कोड लिहितो, लूप फिरवतो, पण कोणी विचारलं की 'मॅथ्स आवडतं का?' तर विषय बदलतो. अशा मंडळींच्या दारात आपल्याला कोण उभं करणार?

मग शनिवारी बसून शोधायला लागलो, की आपल्याकडे असं काही होतं का? होतं! आणि तेही पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात.

गोष्ट सुरू होते ती मात्र तिकडे मद्रास इलाख्यात. व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे एक सरकारी अधिकारी होते. नोकरी महसूल खात्यात आणि जीव गणितात. (आपल्यातल्या अर्ध्या लोकांची हीच कथा, नाही का?) त्यांची अडचण अशी, की परदेशी गणिताची पुस्तकं आणि मासिकं एकट्याला परवडणारी नव्हती. मग त्यांनी ठिकठिकाणच्या गणितवाल्यांना पत्रं लिहिली, की आपण वर्गणी काढू, एकत्र पुस्तकं घेऊ आणि टपालाने एकमेकांना पाठवू. एप्रिल १९०७ मध्ये हा 'ॲनॅलिटिक क्लब' उभा राहिला. सुरुवातीचे सभासद किती? वीस! पुढे त्याचंच नाव इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं.

पुस्तकं ठेवायची कुठे? तर फर्ग्युसनमध्ये. कारण ग्रंथपाल झाले होते रँग्लर र. पु. परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला (एका इंग्रज मुलाबरोबर विभागून). असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. मार्कांच्या शिडीची सगळ्यात वरची पायरी गाठलेला हा माणूस वीस जणांच्या क्लबासाठी पुस्तकं सांभाळायला बसला. मला हे भारी वाटलं.

गंमत म्हणजे ज्या शिडीवर ते पहिले आले, ती शिडी केंब्रिजने स्वतःच काढून टाकली. १९०९ नंतर तिथे रँग्लरांचे क्रमांक जाहीर करणं बंद झालं. मुलं गणित सोडून परीक्षेची घोकंपट्टी करतात, असं म्हणणारे लोक केंब्रिजमध्येच होते आणि त्यात हार्डी पुढे होता. हो, रामानुजनवाला हार्डी.

रामानुजनचं नाव निघालंच आहे तर ऐका. १९१० मध्ये हा मुलगा कारकुनीची नोकरी मागायला याच रामस्वामी अय्यरांकडे गेला होता. कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास, डिग्री नाही, हातात फक्त वह्या. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि नोकरी न देता त्याला मद्रासच्या गणितवाल्यांकडे पाठवलं. १९११ मध्ये रामानुजनचा पहिला लेख छापून आला, तो याच सोसायटीच्या जर्नलमध्ये. मार्कांवर प्रवेश असता तर हा माणूस दारातूनच परत गेला असता.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे येऊ. (आलोच, मंडळी! इतका वेळ थांबलात ते यासाठीच.)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, गाव डहाणू. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. शाळा ठाण्याला, कॉलेज फर्ग्युसन. १९२७ मध्ये तिथे त्यांना गणिताचं बक्षीस मिळालं, तेही रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं. १९२९ ला बीएस्सी झाले आणि १९३० पासून देवळालीला शाळामास्तर. ते थेट १९६२ ला निवृत्त होईपर्यंत. पुढची डिग्री नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. आकड्यांशी खेळायचे आणि जे सापडेल त्याची छोटी पुस्तकं स्वतःच्या पैशाने छापायचे. बऱ्याच मोठ्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा.

पण मास्तरांनी आकड्यांना काय नावं दिली बघा. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. अशा संख्यांच्या कुटुंबाला त्यांनी नाव दिलं 'डेमलो'. डेमलो हे जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आपली डोंबिवली! तिथे त्यांना ही कल्पना सुचली. दुसरं कुटुंब स्वयंभू संख्यांचं. २१ मध्ये त्याचेच अंक मिळवा, २१+२+१, झाले २४. म्हणजे २४ ला आई आहे, २१. पण २० घ्या. अशी कुठलीच संख्या सापडत नाही जिच्यातून २० येईल. म्हणून २० स्वयंभू. या संख्यांना त्यांनी 'देवळाली संख्या' असंही म्हटलं. तिकडे शाखांना ग्रीक अक्षरं आणि इकडे संख्यांना स्टेशनं आणि गावं. आता सांगा, कुठलं जास्त आपलं?

सगळ्यात गाजली ती ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजा करा आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. आपण १९०७ घेऊ, सोसायटीचं वर्ष:

९७१० – ०१७९ = ९५३१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

आणि ६१७४ चं तेच केलं की पुन्हा ६१७४. लूपमधून सुटकाच नाही! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडलं, १९५५ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिलं. तरी नाव झालं ते १९७५ मध्ये, जेव्हा मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

हे वाचता वाचता मी थांबलो. कारण ६१७४ मी आधी पाहिली होती. सहावीत, शहापूरला, आमच्या गुरुजींनी फळ्यावर करून दाखवली होती. प्रत्येकाला आपापला आकडा घ्यायला लावला आणि चाळीस पोरं एकाच उत्तराला पोचली तेव्हा वर्गात नुसता गोंधळ! हेच गुरुजी आम्हाला सहलीला मुरबाडकडून, वैशाखऱ्यावरून नाणेघाटात घेऊन गेले होते. आम्हा पोरांचं लक्ष दशम्यांवर. गुरुजी मात्र गुहेतल्या भिंतीपाशी उभे. सातवाहन राणीने यज्ञात दिलेल्या गायींचे, घोड्यांचे, नाण्यांचे आकडे तिथे ब्राह्मीत कोरलेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. 'पोरांनो, हिशेब बघा,' एवढंच म्हणाले होते.

केटी लागली तेव्हा मला यातलं काही आठवलं नव्हतं. आठवली ती फक्त मार्कशीट.

रविवारी कसारा लोकल पकडली. डोंबिवलीला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बोर्ड बघून हसू आलं. शेजारचे काका विचित्र नजरेने बघायला लागले. देवळालीला जाणारा रूळही हाच, आमच्या आसनगाव, खर्डी, कसाऱ्यावरूनच जातो. म्हणजे कापरेकर मास्तर कितीदा तरी आमच्या स्टेशनावरून गेले असणार. आसनगावला उतरून रिक्षाने गुरुजींच्या घरी गेलो.

गुरुजी आता थकलेत. मला ओळखायला मिनिटभर लागलं. मी म्हटलं, 'गुरुजी, ६१७४.' तर लगेच सरळ होऊन बसले. मित्राचा फोटो दाखवला, खूप खूश झाले. मग मी न राहवून केटीचं सांगितलं. पंधरा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच भेटत होतो आणि सांगत काय होतो, तर नापास झाल्याचं!

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, 'अरे, ती त्यांची परीक्षा. तीन अंकी करून बघितलंस का कधी?'

नव्हतं बघितलं. परतीच्या गाडीत तिकिटाच्या मागे करत बसलो. कल्याण येईपर्यंत उत्तर सापडलं होतं. काय ते सांगणार नाही, तुम्हीच करून बघा. आकडा कुठलाही घ्या, वर्गणी नाही.