बावन्न माणसं आणि एक कॅसेट

'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : एक माणूस, बावन्न भूमिका. मग गिनीज बुकातल्या नोंदीचा उल्लेख होतो आणि विषय संपतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्यावर याहून जास्त बोललं पाहिजे, असं मला फॅन म्हणून वाटतं. संभाजीनगरकर म्हणून तर वाटतंच.

थोडं मागे जाऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. तोवर कोर्टकचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात मराठी होती, पण तिला प्रतिष्ठा नव्हती. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि पुढे मराठी राज्यभाषा झाली. पण पुस्तकांतली मराठी पुण्याची, नाटकांतली मुंबईची. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यावरही तीच. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला मराठी मिळाली, पण ती आपलीच आहे असं वाटायला वेळ लागला. चारचौघांत बोलताना 'शुद्ध' बोलायचं आणि घरी आल्यावर मोकळं व्हायचं, ही सवय तेव्हापासूनची.

अशा काळात, १९७९ साली, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातला एक प्राध्यापक एकटा रंगमंचावर उभा राहतो आणि गावाकडचं वऱ्हाड विमानात बसवून लंडनला नेतो. तेही वऱ्हाडातल्या माणसांच्या बोलीत. एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली होती. त्याआधीही आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं लिहिली होती. भारूड सांगणारा कधी वासुदेव होतो, कधी जोशी, कधी गोंधळी. एका गळ्यातून अनेक माणसं बोलवण्याची ही रीत या मातीतली आहे. मला 'वऱ्हाड'ची नाळ 'चाळी'पेक्षा भारुडाशी जास्त जुळलेली वाटते. 'चाळ' मुळात लिहिलेलं पुस्तक आहे. 'वऱ्हाड' कानावर पडतं तेव्हा ते लिहिलेलं आहे हेच विसरायला होतं.

आता फॅनचं मत. 'वऱ्हाड'चा व्हिडिओही आहे, पण माझ्या मते खरी चीज कॅसेट. व्हिडिओत एका माणसाची मेहनत दिसते आणि आपण त्याला दाद देत बसतो. कॅसेटमध्ये मेहनत दिसत नाही, फक्त माणसं ऐकू येतात. चेहरा नाही, हावभाव नाहीत, तरी कोण बोलतंय ते कळतं. कसं कळतं? कुणी शब्द ओढतो, कुणी अर्धं वाक्य गिळतो, कुणी समोरच्याचं बोलणं संपायच्या आत सुरू होतो. आमच्या घरी हा फरक समजायला सोपा होता. आई लातूरकडची, ती म्हणणार 'काय करायलास?' वडील जालन्याकडचे, ते म्हणणार 'काय करू राहिला?' वर शहरातल्या दखनीतलं 'हौ' आणि 'नक्को' आहेच. मराठवाडी नावाची एकच एक बोली नसते, हे मला शाळेच्या आधी घराने आणि त्या कॅसेटने शिकवलं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. मराठवाडी बोली म्हणजे विनोद, हे समीकरण 'वऱ्हाड'नेच रूढ केलं, असं काही जण म्हणतात. पुढचा इतिहास पाहिला तर यात तथ्य दिसतं. आमच्या शहरातल्या 'जिगीषा' या संस्थेने मुंबई गाठली. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'चारचौघी'सारखं नाटक दिलं. प्रतीक्षा लोणकर 'दामिनी' मालिकेतून दूरदर्शनवर रोज घराघरांत पोचल्या. पण 'दामिनी' बोलायची प्रमाण मराठी. शहरातली माणसं पडद्यावर गंभीर झाली, शहराची बोली मात्र विनोदापुरती राहिली. आजही मालिकेच्या एखाद्या भागात मराठवाडी बोलणारा आला की तो नोकर असतो, नाहीतर गावाहून आलेला भोळा पाहुणा.

तरीही मी दोष 'वऱ्हाड'ला देत नाही, आणि इथे मला बावन्न हा आकडा महत्त्वाचा वाटतो. मालिकेतला तो पाहुणा एकटा असतो. आजूबाजूला सगळे प्रमाण बोलणारे, त्यामुळे त्याची बोली हाच विनोद होतो. 'वऱ्हाड'मध्ये ती बोली वऱ्हाडभर पसरलेली आहे. तिथे बोलीला हसता येत नाही. हसायचं तर माणसाच्या हट्टाला, रुसव्याला, फुशारकीला, घाबरण्याला हसावं लागतं. आणि हसवणारा वऱ्हाडासोबतच निघालेला असतो, खिडकीतून पाहत नसतो. नंतरच्यांनी यातला सूर उचलला, गर्दी सोडून दिली.

२२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे सर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी 'स्लमडॉग मिलेनियर'ला आणि ए. आर. रहमानला ऑस्कर मिळाले आणि देशभरातल्या चॅनेलांना दुसरा विषय उरला नाही. त्यात कुणाची चूक नव्हती, योगच तसा. पण इथल्या लोकांसाठी ती बातमी मोठीच होती. पुढे माजलगावच्या संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड' पुन्हा रंगमंचावर आणलं. मूळ आवाज कानात पक्का बसलेल्या आम्हा लोकांना पहिली दहा मिनिटं जड जातात, मग आपण तुलना विसरतो. माझ्या लेखी ही मूळ संहितेलाही मिळालेली दाद आहे.

हे सगळं मी पुण्यात नोकरी करताना लिहितोय. आमच्या क्षेत्रात मराठवाड्यातली पुष्कळ मुलं आहेत. मीटिंगमध्ये सगळे एकसारखं बोलतात. जेवणाच्या सुट्टीत कुणी 'कामून?' म्हणालं की टेबलावर हशा होतो, आणि म्हणणाराही हसतो, कारण तो तिथे एकटा असतो. मागच्या महिन्यात आम्ही त्या टेबलावर पाच जण झालो. जालना, परभणी, नांदेड, बीड आणि मी. त्या दिवशीही 'कामून?' म्हटलं गेलं. कुणी हसलं नाही. एकाने फक्त कारण सांगितलं.