भांडार, प्रत आणि पाठ : लिनक्सवरील पॅकेजांच्या इतिहासाविषयी काही विचार

ठाणे आणि डोंबिवली ही एकाच लोहमार्गावरील गावे. परंतु दूरध्वनीच्या कारभारात त्यांच्यामध्ये एक सीमा होती. ठाणे महानगर टेलिफोन निगमाच्या क्षेत्रात मोडत असे, तर कल्याण-डोंबिवली केंद्रीय दूरसंचार खात्याकडे व १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाकडे होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तरी मंदगती तारेवरून एखादी संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे दोन्हीकडे जवळजवळ अशक्यच होते. संगणकविषयक मासिकांबरोबर येणारी तबकडी हाच त्या काळी लिनक्स मिळविण्याचा व्यवहार्य मार्ग. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण प्रत कोठून आली, हा इतिहासाभ्यासकाचा पहिला प्रश्न येथूनच उद्भवतो.

डेबियन या लिनक्स-वितरणाची घोषणा ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी केली. मार्च १९९९ च्या २.१ या आवृत्तीबरोबर एपीटी हे साधन प्रचारात आले, आणि त्यासोबत उगमांची यादीही. या यादीतील प्रत्येक ओळ भांडाराचा पत्ता, आवृत्तीचे नाव व विभाग सांगते. विशेष असे, की तबकडीलाही तीत उगमाचे स्थान मिळाले होते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा (स्थापना १८९३) वाचक जसा आधी सूची पाहून मग ग्रंथ मागतो, तशीच येथील रीत आहे. ‘अपडेट’ने केवळ सूची ताजी होते, यंत्रावरील एकही प्रोग्राम बदलत नाही. तो बदल ‘अपग्रेड’ने घडतो. या दोन क्रियांची गल्लत जाणकारांकडूनही होते, हे खेदाने नमूद करावे लागते.

सूचीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? २००७ च्या डेबियन ४.० पासून भांडाराच्या मुख्य पत्रकावरील सही यंत्रच तपासू लागले. त्या पत्रकात उपसूचींचे अंकमुद्रांक असतात व उपसूचींत प्रत्येक पॅकेजाचे; सबब प्रत मुंबईच्या आरशातून आली काय अथवा बर्लिनच्या, फरक पडत नाही. मात्र सही पाठाचे मूळ सिद्ध करते, त्याचा निर्दोषपणा नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर घुसविलेले चोरद्वार आन्द्रेस फ्रॉयंड यांना आढळले. डेबियनच्या चाचणी-शाखांत त्या पोहोचल्या होत्या, आणि सह्या बिनचूक होत्या! प्रक्षिप्त भाग अधिकृत पोथीतच शिरावा, तसाच हा प्रकार.

मराठीपुरते पाहता ‘लोहित’ फॉन्टचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेली ही अक्षरे रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. २०११ मध्ये परवाना बदलला. पुढे स्वतंत्र ‘लोहित मराठी’ लोप पावून तो ‘लोहित देवनागरी’त विलीन झाला, आणि डेबियनमध्येही देवनागरी फॉन्टांच्या पॅकेजांची नावे बदलली. पुण्यात घडलेली अक्षरे अशा रीतीने जगभरच्या भांडारांतून फिरून डोंबिवलीतील यंत्रावर परत आली. परंतु २००८ साली ठाण्यात जुळविलेला मराठी मजकूर आज त्याच यंत्रावर उघडल्यास ओळी त्याच ठिकाणी तुटतील, याची खात्री देता येणार नाही. अपग्रेडने जुनी अक्षरे केव्हाच बाजूस सारलेली असतात.

असे बदल नेमके कधी झाले, हे त्या यंत्रालाही फार काळ आठवत नाही. डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत पॅकेजांची बदलवही दर महिन्याला बदलते व मागील बारा प्रतीच राखल्या जातात. आधार संपलेल्या आवृत्त्या मुख्य आरशांवरून उचलून संग्रहभांडारात हलविल्या जातात, त्यामुळे जुन्या यंत्राच्या यादीतील पत्ता निरुत्तर होतो. सुदैवाने डेबियनचे ‘स्नॅपशॉट’ भांडार २००५ पासूनच्या अवस्था दिनांकवार जतन करते. जुन्या मराठी दस्तऐवजाचे मूळ रूप पाहू इच्छिणाऱ्याने आपल्या उगम-यादीत त्या भांडाराचा पत्ता व हवी ती तारीख घालावी, आणि हे काम निराळ्या यंत्रावर करून, पॅकेजे उतरताच ते यंत्र जाळ्यापासून तोडावे. कारण जुन्या पाठाबरोबर त्यातील उघडी दारेही परत येतात.